बर्फाची साखळी आणि चाकामागची फट

“डिसेंबरच्या सुट्टीत आपलीच गाडी घेऊन मनालीला जायचे ठरले आहे. बर्फासाठी चाकांच्या साखळ्या घ्यायच्या आहेत. आमच्या टायरच्या मापाची साखळी ऑनलाइन मिळते आहे. मागवून टाकू का?”

हा प्रश्न आता नागपुरातल्या अनेक घरांत विचारला जातो, आणि त्याला कारणही तसेच आहे. शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ दक्षिणेला कन्याकुमारीला आणि उत्तरेला थेट श्रीनगरला जाऊन मिळतो. शिवनी, सागर, झाशी, आग्रा करत अंबाल्यापर्यंत याच रस्त्याने जायचे आणि तिथून हिमाचलकडे वळायचे. मनाली साधारण सोळाशे किलोमीटरवर येते. त्यात ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल खोऱ्याचा संपर्क तुटायचा. आता भर थंडीतही पर्यटकांच्या गाड्या बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत पोहोचतात. नागपूरची हॅचबॅक आता बर्फात उभी राहू शकते. मात्र ती तिथून सुखरूप निघेल का, हे बऱ्याच अंशी साखळीवर अवलंबून असते.

वरच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे: टायरचे माप जुळले म्हणून साखळी मागवू नका. टायरच्या आतल्या बाजूला किती मोकळी जागा आहे, ते आधी मोजा. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत ही जागा फार थोडी असते, आणि साखळीची निवड टायरपेक्षा त्या जागेवरून ठरते. हे कसे ते क्रमाने पाहू.

१. साखळी नेमके करते काय?

गाडी पुढे जाते, वळते आणि थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. हे घर्षण एका आकड्यात मांडता येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा आकडा साधारण ०.७ असतो. गाड्यांखाली दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास उतरतो. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठून रस्त्यावर जो काचेसारखा पातळ थर तयार होतो, त्यावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो.

याचा अर्थ उदाहरणाने समजून घेऊ. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटर आहे आणि तुम्ही ब्रेक दाबला. कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे ५ मीटरमध्ये थांबेल. दाबलेल्या बर्फावर तिला सुमारे १८ मीटर लागतील, आणि काचबर्फावर ३५ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी आणखी आठेक मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच.

आता चढ पाहू. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची गाठणारा चढ डोंगरात अगदी सामान्य आहे. तो चढायला गाडीच्या एकूण वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतका जोर लागतो. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते आणि गाडीच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग त्या चाकांवर असतो. काचबर्फावर घर्षण ०.१ धरले, तर पुढच्या चाकांना वजनाच्या ६ टक्केच जोर लावता येतो. लागतो १० टक्के. म्हणून चाके जागेवर गरगर फिरतात आणि गाडी चढत नाही. इंजिन किती ताकदवान आहे याने काहीही फरक पडत नाही.

आपला टायरही इथे उपयोगी पडत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणाऱ्या साध्या टायरचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्ता धरेनासे होते. थंड देशांत यासाठी मऊ रबराचे वेगळे हिवाळी टायर वापरतात. त्यांच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. आपल्याकडे ते सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे भार येतो साखळीवर.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, ते आठवा. रबरी चाक चिखलात नुसते फिरत राहते, तर केजव्हीलच्या पट्ट्या चिखलात रुततात आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. साखळी बर्फात हेच काम करते. तिच्या कड्या बर्फात रुततात आणि चाकाला आधार मिळतो. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर नेला की रस्ताही खराब होतो आणि चाकही. साखळीचेही तसेच आहे. ती बर्फापुरतीच वापरायची.

ही कल्पना जुनी आहे. चिखलातून आणि बर्फातून जाताना लोक टायरला दोर गुंडाळत. ते पाहून अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी साखळीची रचना केली आणि १९०४ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्या काळच्या गाड्यांच्या चाकांभोवती भरपूर मोकळी जागा असे. आज ती उरलेली नाही. आपली अडचण इथूनच सुरू होते.

२. टायरवरचे आकडे

मोकळी जागा समजून घ्यायची तर आधी टायर वाचता आला पाहिजे. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे काहीतरी छापलेले असते. यातला १८५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे, म्हणजे इथे सुमारे १२० मिलिमीटर. आर हे अक्षर टायरच्या आतल्या धाग्यांची रचना सांगते. शेवटचा १५ हा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो.

यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंतींचे मिळून २४० मिळवले की साधारण ६२१ मिलिमीटर होतात.

आता दुसरा टायर घेऊ, १६५/८० आर १४. भिंतीची उंची १३२ मिलिमीटर, रिम ३५५.६ मिलिमीटर. पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. म्हणजे दोन्ही टायरांची उंची जवळजवळ सारखीच आहे, पण दुसरा टायर २० मिलिमीटरने अरुंद आहे. मारुती स्विफ्टच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटना हेच दोन आकार आलेले आहेत. हा २० मिलिमीटरचा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

३. फट म्हणजे नेमकी कोणती?

गाडी बाहेरून पाहिली तर टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटे सहज जातात. त्यामुळे जागा भरपूर आहे असे वाटते. पण साखळी टायरच्या बाहेरच्या बाजूला, पाठीवर आणि आतल्या बाजूला अशी तिन्हीकडून गुंडाळलेली असते, आणि अडचण जवळजवळ नेहमी आतल्या बाजूला येते. ती बाजू उभ्याने दिसत नाही.

पहिली जागा शॉकअपची. आपल्या जवळजवळ सर्व लहान गाड्यांत पुढच्या चाकामागे एक उभी नळी असते. तिच्यात शॉकअप असतो आणि वरच्या भागावर स्प्रिंग बसवलेली असते. या नळीला स्ट्रट म्हणतात. ती टायरच्या आतल्या भिंतीला अगदी लगटून असते. काही गाड्यांत स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या पाठीच्या वर येते. तिथे वरची फटही मोजावी लागते.

दुसरी जागा ब्रेकच्या रबरी पाइपची आणि एबीएसच्या वायरची. या दोन्ही गोष्टी मऊ असतात. साखळीची सुटी कडी फिरता फिरता यांच्यावर आपटली, तर पाइप फाटू शकतो. घाटात उतरताना ब्रेक जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. साखळीमुळे होऊ शकणारे सर्वांत मोठे नुकसान हेच.

तिसरी जागा मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराची आणि चाकाजवळच्या लोखंडी दांड्यांची. ही फट सतत बदलत असते. स्टिअरिंग वळवले की टायरचा एक कोपरा अस्तराजवळ जातो. खड्ड्यात चाक वर उचलले गेले की वरची फट कमी होते. गाडीत पाच माणसे आणि मागे चार बॅगा असतील, तर गाडी खाली बसते आणि फट आणखी घटते.

इथे एक बारकावा आहे. स्टिअरिंग वळवले की स्ट्रट चाकाबरोबरच फिरतो. त्यामुळे टायर आणि स्ट्रट यांच्यातली फट वळतानाही जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून ती एकदा नीट मोजली की भागते. अस्तराची फट मात्र दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावी लागते.

४. साखळी कोणत्या चाकांना?

इंजिन जी चाके फिरवते, त्यांना. बहुतेक हॅचबॅक, सेदान आणि लहान एसयूव्हींमध्ये ती पुढची दोन असतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा अशा गाड्यांत ती मागची असतात. चारही चाके फिरवणाऱ्या गाडीसाठी तिच्या मॅन्युअलमध्ये काय म्हटले आहे ते पाहावे लागते. साखळी नेहमी जोडीने लावायची. एकाच चाकाला लावली तर गाडी एका बाजूला ओढते.

मॅन्युअलमध्ये टायर चेन किंवा स्नो चेन या नावाने शोधा. काही कंपन्या कोणत्या मापाच्या टायरवर साखळी चालेल आणि कोणत्यावर चालणार नाही, हे स्पष्ट लिहितात. साखळी लावू नका असे मॅन्युअलमध्ये लिहिले असेल, तर पुढचे मोजमाप करण्याची गरजच नाही. ती सूचना पाळायची.

५. फट मोजायची कशी?

यासाठी गॅरेजमध्ये जायलाच हवे असे नाही. घरी, सपाट जागेवर, दिवसाउजेडी हे करता येते. लागते काय? मोजपट्टी, टॉर्च आणि घट्ट मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा.

गाडीत नेहमीचा प्रवासी भार असू द्या. निदान डिकीत सामान भरा आणि पुढे दोघे बसा. हँडब्रेक ओढा. जे चाक मोजायचे आहे त्याचा मागचा भाग बाहेर येईल अशा दिशेला स्टिअरिंग पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि चाकामागे टॉर्च मारा. आतल्या भिंतीजवळ स्ट्रटची नळी दिसेल. तिथे टायर आणि नळी यांच्यात सर्वांत अरुंद जागा शोधा. त्या फटीत कणकेचा गोळा दाबून बसवा आणि हलकेच बाहेर काढा. त्याची चपटी झालेली जाडी मोजपट्टीने मोजा. ही झाली आतल्या भिंतीची फट. स्प्रिंगची वाटी टायरच्या पाठीवर येत असेल, तर तिथेही असेच करून पाठीची फट मोजा.

मग गाडी अर्ध्या चाकाच्या फेऱ्याइतकी पुढे ढकलून पुन्हा मोजा. रिम किंचित वाकलेली असेल, तर दोन मापांत फरक येतो. जे माप कमी, ते धरायचे. दोन्ही चाके मोजायची. गाडी जॅकवर उचलून मोजू नका. चाक लोंबकळले की फट बदलते आणि माप चुकते. शिवाय नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली हात घालणे धोक्याचे असते.

६. साखळीची जाडी आणि तिचे वर्ग

आता दोन आकडे तुमच्या हातात आहेत, आतल्या भिंतीची फट आणि पाठीची फट. यांच्यावरून साखळी निवडायची.

अमेरिकेत या फटींवरून गाड्यांचे तीन वर्ग केलेले आहेत. सर्वांत कमी जागेच्या गाड्यांसाठी एस वर्ग आहे. त्यात पाठीवर किमान ३७ मिलिमीटर आणि आतल्या भिंतीला किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. त्यापुढचा यू वर्ग. त्याला पाठीवर ५० आणि भिंतीला २३ मिलिमीटर लागतात. डब्ल्यू वर्ग हलक्या ट्रकांसाठी आणि तशा बांधणीच्या मोटारींसाठी आहे. त्याला सुमारे ६४ आणि ३८ मिलिमीटर लागतात. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. एक जमली आणि दुसरी हुकली, तर ती साखळी आपली नाही.

युरोपीय साखळ्या जाडीवरून ओळखल्या जातात. ७, ९, १२ आणि १६ मिलिमीटर असे आकडे त्यांच्या खोक्यावर असतात. ९ मिलिमीटरची साखळी साध्या मोटारींसाठी, ७ ची खास कमी जागेच्या मोटारींसाठी, तर १२ आणि १६ च्या साखळ्या मोठ्या एसयूव्ही आणि व्हॅनसाठी असतात. युरोपीय मानक ईएन १६६६२-१ किंवा जुने ऑस्ट्रियन मानक व्ही ५११७ यांचा उल्लेख खोक्यावर आहे का, ते पाहा. असेल तर त्या साखळीची काहीएक चाचणी झालेली आहे असे समजता येते.

साखळी ९ मिलिमीटरची आणि फट १० ची, म्हणजे चालेल का? चालणार नाही. चाक फिरू लागले की साखळी बाहेरच्या दिशेने फेकली जाते आणि थोडी सैल होते. तिचा जोड, म्हणजे जिथे आतले कडे एकमेकांत अडकवले जाते ती जागा, साखळीपेक्षा जाड असते. म्हणून जाडीच्या वर पुरेशी मोकळी जागा लागते. एस वर्गातले १५ मिलिमीटर ठरवताना ही हालचाल धरलेली आहे.

साखळीची वीणही पाहावी. शिडीसारख्या विणीत आडव्या साखळ्या अंतरा-अंतराने असतात. ती स्वस्त आणि मजबूत असते, पण दोन आडव्या साखळ्यांच्या मधला टायर बर्फावर मोकळाच राहतो. त्यामुळे गाडीला हादरे बसतात आणि वळणावर ती बाजूला सरकू शकते. शंकरपाळ्याच्या आकाराच्या विणीत साखळीचा काही ना काही भाग सतत रस्त्याला टेकलेला असतो. पुढच्या चाकांसाठी, म्हणजे वळवणाऱ्या चाकांसाठी, हीच वीण घ्यावी.

७. एक पूर्ण उदाहरण

समजा, तुमच्या गाडीला १८५/६५ आर १५ टायर आहेत. कणकेने मोजल्यावर आतल्या भिंतीची फट १७ मिलिमीटर आली आणि स्प्रिंगच्या वाटीखालची पाठीची फट ४० मिलिमीटर.

एस वर्गाला १५ आणि ३७ लागतात. दोन्ही अटी पूर्ण झाल्या. म्हणजे एस वर्गाची, टायरच्या नेमक्या मापाची, शंकरपाळी विणीची ७ किंवा ९ मिलिमीटरची साखळी चालेल. ७ ची मिळाली तर तीच घ्या.

आता समजा, गाडी देखणी दिसावी म्हणून तुम्ही २०५/५५ आर १६ चे रुंद टायर आणि मोठ्या अलॉय रिम बसवल्या आहेत. टायर २० मिलिमीटरने रुंद झाला. रिम मधोमध तशीच बसते असे धरले, तर त्यातले १० मिलिमीटर आतल्या बाजूला जातात. व्यासही सुमारे १० मिलिमीटरने वाढला, म्हणजे पाठ ५ मिलिमीटरने वर आली. १७ ची फट ७ झाली आणि ४० ची ३५. दोन्ही अटी हुकल्या. आता या गाडीला कोणतीही लोखंडी साखळी लावणे म्हणजे ब्रेकचा पाइप पणाला लावणे.

तिसरी शक्यता उलट दिशेची आहे. त्याच गाडीला खालच्या व्हेरिएंटच्या १६५/८० आर १४ टायरची चाके लावली. टायर २० मिलिमीटरने अरुंद झाला, म्हणजे आतली फट १७ वरून २७ वर गेली. उंची तीच राहिली, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही. कमी जागेच्या गाडीसाठी सर्वांत चांगला उपाय हाच आहे. आपल्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटची दोन चाके प्रवासापुरती मिळवायची. पण १४ इंची रिमच्या आत आपल्या गाडीची ब्रेक डिस्क आणि कॅलिपर मावतात का, हे मेकॅनिककडून आधी पाहून घ्यायला हवे. वरच्या व्हेरिएंटची डिस्क कधी कधी मोठी असते.

८. साखळी मावतच नसेल तर?

फट १५ पेक्षा कमी निघाली आणि चाके बदलणेही शक्य नसेल, तरी काही पर्याय उरतात.

पहिला पर्याय बाहेरून बसणाऱ्या साखळीचा. हिचा एक मजबूत हात चाकाच्या नटावर घट्ट बसतो आणि साखळीचे तुकडे बाहेरच्या बाजूने टायरच्या पाठीवर येतात. आतल्या भिंतीकडे जवळजवळ काहीच जात नाही. कोनिग या इटालियन कंपनीची के-समिट ही या प्रकारातली प्रसिद्ध साखळी. किंमत मात्र साध्या साखळीच्या कित्येक पट असते.

दुसरा पर्याय कापडी मोज्यांचा. जाड विणलेल्या पॉलिएस्टरचे हे खोळीसारखे आवरण पूर्ण टायरवर चढवतात. त्याच्या धाग्यांची बर्फाशी पकड चांगली असते, जाडी फारच कमी असते आणि बसवणेही सोपे. पण कोरड्या रस्त्यावर ते भराभर झिजते, आणि खडबडीत काचबर्फावर लोखंडाची बरोबरी करू शकत नाही. नाक्यावरचे पोलीस चेन आहे का असे विचारतात. त्यांना मोजा चालतो की नाही, ते निघण्याआधी स्थानिक प्रशासनाकडून किंवा हॉटेलकडून विचारून घ्या.

तिसरा पर्याय ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा. त्या रिमच्या भोकांतून आत ओवून टायरभोवती आवळतात. त्यांच्याबाबत सावध राहा. पट्टा रिमच्या आतल्या बाजूने जातो आणि तिथे ब्रेकचा कॅलिपर अगदी जवळ असतो. पट्टा त्याला घासला की तुटतो किंवा अडकतो. लोखंडी रिमची भोके लहान असतात, त्यांतून तो जातच नाही. कमी फटीच्या गाडीसाठी हा पर्याय मी सुचवणार नाही.

काही पर्यटक मनालीत पोहोचल्यावर साखळी भाड्याने घ्यायचे ठरवतात. मोठ्या टॅक्सीसाठी घडवलेली जाड साखळी तुमच्या हॅचबॅकला बसवून दिली, तर ती बाहेरून घट्ट दिसेल, पण आतून स्ट्रटला घासत राहील. भाड्याने घ्यायचीच असेल, तर आपले मोजमाप लिहून सोबत न्या आणि आधी टॉर्च मारून आतून पाहा.

९. घरी तालीम, बर्फात काळजी

साखळी आली की ती नागपुरातच एकदा बसवून पाहा. बर्फात, बोटे बधिर झालेली असताना आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना पहिल्यांदा खोके उघडणे चुकीचे ठरेल. मातीचे आवार शोधा. डांबरी रस्त्यावर ही तालीम करू नका.

साखळीचे लवचीक कडे चाकामागून वर घेऊन त्याची टोके जोडा. पुढचा हूक अडकवा आणि ताणाची साखळी ओढून पक्की करा. आडव्या साखळ्यांचे उघडे हूक टायरकडे नव्हे, तर बाहेरच्या दिशेला तोंड करून असावेत, नाहीतर ते टायरच्या भिंतीत घुसतात. नंतर स्ट्रटच्या नळीवर आणि अस्तराच्या आतल्या बाजूला ओला खडू फासा. गाडी पायी चालण्याच्या वेगाने पुढे-मागे घ्या, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मग टॉर्चने पाहा. खडू कुठे पुसला गेला असेल, तर साखळी तिथे घासते आहे. अशी साखळी परत करा.

बर्फात साखळी लावल्यावर ५० ते १०० मीटर गेलात की थांबा आणि ताण पुन्हा आवळा. फट कमी असलेल्या गाडीत सैल साखळी सर्वांत घातक. वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर नेऊ नका. काचबर्फावर त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवा. साखळी फक्त पुढच्या चाकांना असेल, तर मागची चाके अजून घसरडीच आहेत, हे उतारावर विसरू नका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि वळणावर ब्रेक दाबू नका.

अटल बोगद्याबाबत एक गोष्ट खास लक्षात ठेवा. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी बर्फ असतो, पण आतला नऊ किलोमीटरचा रस्ता मोकळा असतो. तिथे साखळी थेट रस्त्यावर आपटत जाते, झिजते आणि तुटू शकते. तुटलेली कडी चाकामागच्या त्याच अरुंद फटीत फिरत राहते. बोगद्यात थांबता येत नाही. म्हणून साखळी कुठे काढायची आणि पलीकडे कुठे लावायची, हे पोलिसांना विचारून बोगद्याच्या अलीकडेच ठरवा, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी.

१०. कधी साखळी नकोच

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान बर्फवृष्टीत शेकडो गाड्या अडकून पडल्या होत्या. अशा वेळी एक गाडी घसरून आडवी झाली की मागची सगळी रांग थांबते. म्हणूनच बर्फ पडू लागला की पोलीस साखळी असलेल्या किंवा चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांनाच पुढे सोडतात. काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गला जाणाऱ्या सुमारे १३ किलोमीटरच्या चढावरही हिवाळ्यात अशाच गाड्या लागतात आणि पर्यटक आपली गाडी खाली ठेवून स्थानिक गाडीने वर जातात. त्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या चालकाला कोणत्या वळणावर बर्फ गोठतो हे पाठ असते. त्याच्या गाडीत बसण्यात कमीपणा नाही.

तेव्हा हॉटेलचे बुकिंग करण्याआधी कणकेचा गोळा घेऊन चाकामागे वाका. आतली फट १५ आणि पाठीची ३७ मिलिमीटर असेल, तर एस वर्गाची साखळी घ्या आणि घरी तालीम करा. थोडी कमी असेल, तर अरुंद टायरची चाके किंवा बाहेरून बसणारी साखळी यांचा विचार करा. तेही जमत नसेल, तर मनालीपर्यंत आपली गाडी न्या आणि बर्फात स्थानिक गाडीने जा. न मावणारी साखळी लावलेली गाडी साखळी नसलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची असते. साखळी नसेल तर गाडी बहुधा चढतच नाही. न मावणाऱ्या साखळीने मात्र उतरताना ब्रेक जाऊ शकतो.